भीमगीत ऐकायला शिकताना: आधी समोर कोण बसलंय ते बघा

भीमगीतं, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांवरची आणि त्यांच्या चळवळीची गाणी, आजवर फक्त जयंतीच्या मिरवणुकीत, लांबून, कर्कश स्पीकरवर ऐकलेल्यांसाठी हा लेख आहे. शब्द अर्धेमुर्धे कळले, ठेका आवडला, पुढे काय ऐकावं ते कुणी सांगितलं नाही, अशी बरीच मंडळी भेटतात. आंबेडकरी जलसा (तमाशाच्या साच्यातला, चळवळ सांगणारा गाण्यानाट्याचा खेळ), शाहिरी, गायनपार्टी, कव्वालीचे मुकाबले हा केवढा मोठा ठेवा आहे, आणि त्यात शिरायची वाट तशी सोपी आहे.

वाटेवर एक गोष्ट मात्र धरून ठेवा. गाणाऱ्याकडे नंतर बघा, आधी त्याच्यासमोर कोण बसलंय ते बघा. या गाण्यांची चाल, विनोद, पुन्हा पुन्हा येणारी ओळ, सगळं समोरच्या माणसावरून ठरलेलं आहे. तो दिवसभर राबून आलेला असायचा, बहुतेकदा अक्षरओळख नसलेला, आणि उद्या सकाळी पुन्हा त्याच गावात त्याच लोकांसमोर उभा राहणारा. त्याच्याकडून गाण्याला काय हवं होतं, हे प्रत्येक वेळी विचारलंत तर अर्धं काम झालंच.

पहिली पायरी: पाच गावं माहीत करून घ्या

भीमगीत इतिहास समजावून देत बसत नाही. ऐकणाऱ्याला तो ठाऊक आहे असं धरूनच ते सुरू होतं. नुसता ‘महाड’ शब्द आला की जाणती माणसं माना डोलावतात आणि नवखा तिथेच मागे पडतो. म्हणून ऐकण्याआधी तासभर वाचन करा.

महाड: २० मार्च १९२७, चवदार तळ्याचा सत्याग्रह, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. नाशिक: २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराचा सत्याग्रह. येवला: १३ ऑक्टोबर १९३५, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा. नागपूर: १४ ऑक्टोबर १९५६, धम्मदीक्षा. पाचवं औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर): मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. मधल्या काळात मराठवाड्यात दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली.

महाडवर थोडं जास्त थांबा, कारण गाणं कशासाठी लागतं ते तिथे समजतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ सालीच झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. म्हणजे हक्क कागदावर होता, पण तळ्याकडे कुणी जाऊ शकत नव्हतं. गेलेल्याला मार खावा लागणार, गावात काम मिळणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. सत्याग्रहाच्या दिवशी पाणी प्यायल्यावर लोकांवर हल्ला झालाच. कायद्याने दिलेला हक्क स्वतःच्या पायाने चालत जाऊन घ्यायचा, तर त्या पायांना बळ कुठून आणायचं? जलशांनी आणि शाहिरांनी हे काम अंगावर घेतलं.

दुसरी पायरी: जात्यापासून सुरुवात करा

बहुतेक जण नवख्याला थेट जोशातली गाणी ऐकवतात. मी म्हणेन, आधी ओव्या ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या ऐकायला आणि वाचायला मिळतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी १९९६ साली गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात आहेत. सुरुवात तिथून करा.

ऐकताना डोळ्यांपुढे जातं आणा. समोरासमोर दोघी, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एक ओळ उचलते, दुसरी त्यात आवाज मिसळते, ओळ परत येते, आणि जात्याचा फेरा पूर्ण होता होता ओवी संपते. गाणारी तीच आणि ऐकणारीही तीच. बाहेरच्या कुणाला काही पटवून द्यायचं नाही. त्यामुळे या ओव्यांतले बाबासाहेब घरात वावरतात, नात्यातले होतात. त्यांची पत्नी रमाई तर माहेरच्या माणसासारखी येते. संविधान, शाळा, मोटार, कोट अशा नव्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्यांच्या जुन्या चालीत जाऊन बसतात. ज्या बाईला सभेला जाता आलं नाही, तिच्यापर्यंत चळवळ याच मार्गाने पोचली आणि तिने ती आपल्या शब्दांत पुढे सांगितली.

याच ओघात कडूबाई खरात यांचं गाणं ऐका. हातात एकतारी आणि मोकळा खडा आवाज, एवढ्यावर त्यांनी हजारो माणसं बांधून ठेवली आहेत. मोबाइलवर त्या घराघरांत पोचल्या. मोबाइलवर ऐकणारा बहुधा एकटाच असतो. त्याला कडूबाई घरातल्या भाकरीबद्दल, अंगावरच्या कपड्याबद्दल सांगतात, आणि हे आलं कुठून याची आठवण करून देतात. मोठी सभा समोर नसतानाही एकट्या माणसाशी कसं बोलायचं, हे त्यांच्याकडून समजतं.

तिसरी पायरी: जलसा वाचा, तोही मोठ्याने

आता मूळ खाणीकडे येऊ. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच विचारातून पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले. भीमराव महामुनी हे त्यातलं आद्य नाव. त्या जलशांनी शेतकऱ्याला भटभिक्षुकी आणि सावकारी यांवर बोलतं केलं. पुढे बाबासाहेबांच्या चळवळीत, विशेषतः काळाराम सत्याग्रहाच्या सुमाराला, नाशिक भागात आंबेडकरी जलसे जोर धरू लागले. भीमराव कर्डक यांचा जलसा त्यांत सर्वांत गाजलेला. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचा, अशा अर्थाचे उद्गार बाबासाहेबांच्या नावे आजही सांगितले जातात.

जलशाने साचा उचलला तमाशाचा. का, तर समोरच्याला तो अंगवळणी होता. गण (सुरुवातीचं नमन), गौळण (राधाकृष्णाची छेडछाड), बतावणी (विनोदी सवालजवाब), वग (मुख्य नाट्य) हा क्रम खेड्यातल्या पोराटोराला ठाऊक. ढोलकी कडाडली की माणसं गोळा होणारच, पत्रक वाटायची गरज नाही. शिवाय तमाशाचे बरेचसे कलावंत याच समाजांतले, त्यामुळे गळे, हात आणि वाद्यं घरातच होती.

पण साचा उचलताना आत बरीच उलथापालथ झाली, आणि ऐकणाऱ्याने ती हेरायची असते. पहिलं नमन कुणाला, हे बदललं. राधाकृष्णाच्या छेडछाडीला आणि शृंगारिक लावणीला फाटा मिळाला. ज्या कलेकडे वरच्या जाती करमणुकीपुरत्या बघत, तीच कला घेऊन माणसं आता स्वतःच्या माणसांपुढे स्वतःबद्दल बोलायला उभी राहिली. मला जलशातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

जलशाची छापील संहिता मिळवा आणि दोघांत वाटून मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलीत तर ती कोरडी वाटेल. वाचताना बतावणीवर लक्ष ठेवा. तिथे एक जाणता असतो आणि एक भोळा, प्रश्न विचारत राहणारा. मेलेल्या ढोराचं मांस का टाकायचं, बापजाद्यांचं महारकीचं वतन का सोडायचं, पोराला गुरांमागे न धाडता शाळेत का घालायचं, हे तो विचारतो. हे सगळे प्रश्न समोर बसलेल्यांच्या मनातले आहेत. भर सभेत उठून विचारायची त्यांना लाज वाटेल, म्हणून जलशाने एक माणूस नेमला, जो ते त्यांच्या वतीने विचारेल आणि वर हसूही आणेल. लोक त्या भोळ्याला हसतात, मग हसता हसता गप्प होतात, कारण घरी तेच चाललेलं असतं.

नवख्याचा मोठा गैरसमज इथेच सुटायला हवा. निषेधाचं गाणं म्हणजे सत्ताधाऱ्याला दिलेला शिव्याशाप, अशी समजूत असते. जलशाचा निम्मा वेळ आपल्याच माणसांशी बोलण्यात जातो: दारू सोड, अंगारेधुपारे सोड, मुलगी शिकव. बाबासाहेबांनी महाडच्या परिषदेत जे सांगितलं, ते जलशाने चावडीपुढे, कंदिलाच्या उजेडात, नात्यागोत्याच्या भाषेत सांगितलं.

चौथी पायरी: झील धरायला शिका

शाहीर ओळ टाकतो आणि मागचे साथीदार ‘जी रं जी रं जी’ करत ती उचलतात. त्यांना झीलकरी म्हणतात. नवखा माणूस झीलकडे दुर्लक्ष करतो, ती भरीची वाटते. पण झीलकरी हे गाण्याचे पहिले श्रोते. त्यांनी होकार भरला की समोरचे भरतात. शाहिराला दम घ्यायला वेळ मिळतो, आणि मागच्या रांगेतल्या ज्याची ओळ हुकली त्याला ती परत मिळते. लाउडस्पीकर नसण्याच्या काळात याला फार किंमत होती.

यासाठी मुंबईच्या गिरणगावाकडे वळा. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ साली उभं राहिलं. त्यांच्यासमोर होते गिरणी कामगार आणि चाळीतली बिऱ्हाडं. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावहून आलेल्या अण्णाभाऊंनी तमाशाला लोकनाट्याचं रूप दिलं आणि गणात गणपतीच्या जागी मायभूमीला आणि छत्रपती शिवरायांना वंदन केलं.

त्यांची एक ओळ तुम्ही भिंतींवर, फलकांवर वाचली असेलच: ‘जग बदल घालुनी घाव, सांगून गेले मला भीमराव’. ही ओळ सावकाश ऐका. ‘जग बदल’ ही आज्ञा आहे, पण शाहीर ती स्वतःच्या तोंडची म्हणून देत नाही. भीमराव, म्हणजे बाबासाहेब, ती सांगून गेले, आणि सांगितली कुणाला, तर ‘मला’. म्हणजे शाहीर वरच्या पायरीवरून उपदेश करत नाही, ऐकणाऱ्यांच्या रांगेत बसून आपल्याला मिळालेला निरोप वाचून दाखवतो. आणि झीलकऱ्यांबरोबर तुम्ही ती ओळ म्हणालात की त्यातला ‘मला’ तुमचा होतो. एवढं समजल्यावर दुसरी दहा गाणी काढा आणि प्रत्येकात गाणारा कुठे बसला आहे ते शोधा.

टाळी देऊन बघा. एकट्याने घरात करा, हरकत नाही. ओळ ऐका, थांबवा, झील तुम्ही भरा. सुरात येत नसेल तरी भरा. नुसतं ऐकून जे ध्यानात येत नाही ते दोन दिवसांत येईल: ओळी किती आखूड आहेत, श्वास कुठे ठेवला आहे, अवघड शब्द बऱ्याचदा ओळीच्या मध्ये आणि सोपा शब्द शेवटी का येतो.

पाचवी पायरी: वामनदादांपाशी मुक्काम

इथे घाई करू नका. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. शाळा लाभली नाही, अक्षरं मोठेपणी शिकले, आणि मग हजारो गाणी लिहिली. गावोगावी जाऊन गायली, आणि जिथे गेले तिथे नवे गायक तयार केले. महाराष्ट्रात भीमगीत गाणारा कुणीही घ्या, त्याच्या वहीत वामनदादा असणारच.

त्यांची गाणी ऐकताना प्रत्येक वेळी विचारा: हे कुणाला म्हटलं आहे, आणि ऐकतंय कोण? दोन्हींची उत्तरं सहसा वेगळी निघतात.

‘सांगा आम्हाला बिर्ला, बाटा, टाटा कुठं हाय हो’ हे गाणं घ्या. पुढच्याच ओळीत ते धनाच्या साठ्यातला आमचा वाटा कुठे आहे म्हणून विचारतं. वरवर बघता प्रश्न भांडवलदारांना आहे. पण ते काही समोर बसलेले नाहीत. समोर आहेत झोपडपट्टीतली, वस्तीतली माणसं, ज्यांनी आपला वाटा मागायचा असतो हेच कधी ऐकलेलं नाही. दूरच्याला प्रश्न विचारून गाणं जवळच्याला बोलायला शिकवतं. शब्दही असे निवडले आहेत की ते अर्थशास्त्र न शिकलेल्याच्या ओठावर बसावेत. बाटा म्हणजे दुकानावरची पाटी, सगळ्यांनी पाहिलेली. बाटा, टाटा, साठा, वाटा: यमकाच्या जोरावर गाणं एका ऐकण्यात पाठ होतं आणि पोरं ते खेळता खेळता म्हणू लागतात.

मग हे ऐका: ‘भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते’. हाक थेट बाबासाहेबांना, आणि ते तर १९५६ सालीच गेले. ऐकतंय कोण? अनुयायी, कार्यकर्ते, गटागटांत विभागलेले पुढारी. त्यांना तोंडावर काही न म्हणता कवी बापाकडे गाऱ्हाणं नेतो की तुझ्या विचाराची पाच माणसं असती तर चित्र निराळं असतं. मंचावर बसलेल्या पुढाऱ्यालाही याला टाळी द्यावी लागते. आपल्या माणसांना इतकं कठोर बोलायची मुभा ज्या गाण्याला आहे, ती चळवळ जिवंत आहे असं मी समजतो. नुसती स्तुतिगीतं ऐकून ज्यांचं मत बनलं आहे, त्यांनी हे गाणं आधी ऐकावं.

बरीच भीमगीतं सिनेमाच्या किंवा कव्वालीच्या ओळखीच्या चालींवर बांधलेली असतात. नवख्याला ते उसनं वाटतं आणि तो नाक मुरडतो. पण चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष शब्दांवर जातं. ज्याला गाणं वाचायला मिळणार नाही, एकदाच ऐकायला मिळणार, त्याच्यासाठी हा मोठा आधार आहे. कव्वालीच्या मुकाबल्यातही हेच. दोन पार्ट्या रात्रभर एकमेकींना सवालजवाब करतात, आणि त्यात हरू नये म्हणून दोघींनाही बाबासाहेबांच्या चरित्राचा बारकाईने अभ्यास करावा लागतो. ऐकणारा पहाटेपर्यंत बसतो, उठतो तेव्हा बरंच काही पाठ झालेलं असतं.

सहावी पायरी: प्रत्यक्ष जा

आता घराबाहेर पडा. १४ एप्रिलच्या आगेमागे वस्त्यावस्त्यांत गायनपार्ट्या होतात, त्या आधी बघा. मिरवणुकीतल्या डीजेपाशी शब्द ऐकू येत नाहीत. रात्रीचा बसून ऐकायचा कार्यक्रम शोधा. स्पीकरच्या तोंडाशी बसू नका. म्हाताऱ्या बायका बसल्या असतील त्यांच्या मागे जागा धरा. कुठली ओळ कुणाला लागते ते तिथून दिसतं.

गायक काय करतो ते नीट बघा. तो मुखडा म्हणतो, पेटी चालू ठेवतो आणि मध्येच गाणं थांबवून बोलू लागतो. एखादा शेर, एखादा प्रसंग, कधी गावातल्याच एखाद्या घटनेचा उल्लेख. कुणी उठून दहा-वीस रुपयांची नोट पेटीवर ठेवतं, गायक त्याचं नाव घेतो, आणि अख्खी ओळ पुन्हा येते. आता ती मघासारखी राहत नाही, कारण मधल्या बोलण्याने तिला या गावाचा, या रात्रीचा अर्थ मिळालेला असतो. ध्वनिमुद्रणात हे सहसा कापून टाकतात. म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो की प्रत्यक्ष जा.

६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर जाणार असाल तर तो महापरिनिर्वाण दिन आहे हे लक्षात ठेवा. लोक पांढऱ्या कपड्यांत, लेकराबाळांसह, लांबलांबून रेल्वेने आलेले असतात, रांगेत तासन्‌तास उभे असतात. शिवाजी पार्कात पुस्तकांचे आणि गाण्यांचे स्टॉल लागतात; मैदानाच्या कडेला छोटे छोटे घोळके करून माणसं गातात. ‘जय भीम’ला ‘जय भीम’ने उत्तर द्या. कुणाच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका. विचारलंत तर बहुतेक जण आनंदाने गाऊन दाखवतात, शेजारी बसवतात, डब्यातलं खायलाही देतात. विचारणं मात्र सोडू नका.

सातवी पायरी: जखम ओली असतानाचं गाणं

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला, दहा माणसं गेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं जीवन संपवलं. त्या काळातलं गाणं, संभाजी भगतांसारख्या शाहिरांचं, अगदी शेवटी ऐका. आधीच्या पायऱ्या चढलेल्या असतील तरच ते पेलतं.

इथे चाल साधी होते, डफ पुढे येतो, विनोद येतो तोही चटका देणारा. ऐकणारे शोकात असतात आणि संतापातही. त्यांना नुसतं भडकवलं तर उद्या आणखी कुणी जिवानिशी जाईल, आणि नुसतं सांत्वन केलं तर ते त्यांच्याशी खोटं बोलणं होईल. शाहीर तोल सांभाळत संतापाला प्रश्नाचं रूप देतो: गोळी कुणी चालवली, हुकूम कुणाचा, फायदा कुणाचा? समोरची माणसं रडत असतात, तरी त्यांना तो विचार करायला लावतो. याहून अवघड गायकी मला माहीत नाही.

आणि शेवटचं कडवं

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. गाण्याचं शेवटचं कडवं येईपर्यंत थांबा. लिहिणाऱ्याचं नाव बऱ्याचदा तिथे असतं, जुन्या संतकवींच्या पद्धतीने ओळीत विणलेलं. वामनदादांच्या गाण्यांत ‘वामन’ असाच येतो. हल्ली मोबाइलवरच्या तुकड्यांत हेच कडवं आधी गळतं आणि गाणं गायकाच्या किंवा कंपनीच्या नावावर फिरू लागतं. ज्या माणसांनी उभं आयुष्य गावोगाव गाण्यात घालवलं, त्यांतले कितीतरी हलाखीत गेले. निदान त्यांचं नाव तरी त्यांच्या ओळींबरोबर राहायला हवं. वही करा. गाणं, लिहिणारा, गाणारा, चाल कुठली, कुठे ऐकलं, समोर कोण होतं, एवढं लिहा. नाव सापडलं नाही तर ती जागा कोरी सोडा आणि पुढच्या कार्यक्रमात पेटी मिटून झाल्यावर गायकाला जाऊन विचारा.